काटा धाकटीकडे

वाटणीच्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. दोघी जावा एकमेकींशी बोलतच नव्हत्या, त्यामुळे भांडायला वाव नव्हता. मधल्या खोलीत सतरंजीवर मामा बसले होते, मांडीवर वही घेऊन. जमलेले बारा नातेवाईक भिंतींना पाठ लावून चहाची वाट बघत होते. थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी, धाकटी अंगणाच्या. मामा एकेक वस्तू पुकारायचे आणि दोन्ही दारांतून तेवढंच यायचं, "चालेल." घरात मधोमध भिंत घालायची ठरली. गोठा धाकटीला गेला, विहिरीकडचा तुकडा थोरलीला. शिडी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. नवरा गेल्यापासून दुधाचा टेंपो धाकटीच चालवायची, तो तिलाच राहिला.

"आता हा," म्हणून मामांनी कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे बोट केलं.

त्या सिलिंडरवर सासूबाईंची शेवटची दोन वर्षं गेली होती आणि त्या जाऊन जेमतेम महिना झाला होता.

"त्यात वाटायचं काय?" थोरली म्हणाली. "यांच्या छातीचं सगळ्यांना माहीत आहे. तो इथेच राहील."

थोरलीच्या नवऱ्याने तीस वर्षं दगडाच्या खाणीवर खडी फोडली होती. ती सगळी धूळ आता त्याच्या छातीत बसली होती. चार पावलं चालला की तो दोन पावलं थांबायचा.

"राहू दे की," धाकटी म्हणाली. "सिलिंडर तुमचा. वरचा काटा माझा."

काटा म्हणजे रेग्युलेटर. सिलिंडरच्या मानेवर आवळून बसवायचा, त्याला घड्याळासारखी गोल तबकडी, खाली पाण्याची बाटली आणि नळी. आत किती ऑक्सिजन उरलाय ते तबकडीवरचा काटा सांगतो. तो बसवल्याशिवाय सिलिंडर म्हणजे नुसतं लोखंड.

मामा हसले. "अगं, काटा घेऊन काय करशील? भिंतीला लावशील?"

"लावेन. आईंना घालवलं ते मीच ना? मला काटा बघता येत नाही असं इथेच, याच खोलीत सांगितलं गेलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. आता रोज बघत बसेन. शिकेन हळूहळू."

थोरली म्हणाली, "घेऊ दे तिला. तिचं तसंही तेवढंच राहिलंय."

मामांनी वहीत लिहिलं, सिलिंडर थोरली, काटा धाकटी. कोपऱ्यातल्या खाटेवरून थोरलीचा नवरा थांबत थांबत म्हणाला, "आणि मला... कुणाला दिलंत? वरचा अर्धा... कुणाकडे?" कुणी हसलं नाही. मग चहा आला.

त्याला आठ महिने झाले. भिंत घराला दुभागून अंगणात उतरली आणि तिथे छातीएवढी होऊन थांबली. एवढ्या काळात दोघी जावा एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या जनावरांशी, कोंबड्यांशी, नाहीतर वाऱ्याशी, पण अशा बेताने की भिंतीपलीकडे नीट ऐकू जावं. "काहींना दुसऱ्याच्या अंगावर खापर फोडल्याशिवाय घास उतरत नाही गं," असं धाकटी म्हशीला सांगायची. थोरली झाडू आपटत कोंबड्यांना विचारायची, "कुणाला एवढी घाई झाली होती म्हातारी जायची?"

थोरलीचा एक नेम होता. रोज सकाळी अंघोळ झाली की ती ओल्या फडक्याने सिलिंडर पुसायची, मग कोरड्याने. त्याला तिने जाड कापडाची खोळ शिवली होती. दोन महिन्यांपूर्वी खाणीच्या ट्रकमधून पाठवून तिने तो शहरातून भरून आणला होता. बोटाच्या पेराने ठोकून बघितला की भरल्यासारखा वाजायचा. काटा नव्हता, पण वीस वर्षं दुखणीबाणी काढलेल्या बाईला काट्याची काय गरज, असं ती स्वतःला सांगायची. कुणी विचारलं की म्हणायची, "गच्च आहे."

मग पुलाची नोटीस लागली.

वस्तीतून बाहेर जायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकच पूल. त्याचे खांब पोखरले होते. सोमवारी संध्याकाळी सहापासून वीस दिवस पूल बंद. काम चालू असताना माणसांना ये-जा करायला कडेने फळ्या टाकणार होते, पण गाडी एकही जाणार नव्हती. दवाखाना पलीकडे, दीड तासावर. तेवढे दिवस एक ॲम्ब्युलन्स पुलापलीकडेच उभी राहणार होती. रोग्याला तिथवर आपण न्यायचं.

थोरलीने आठवडाभर तयारी केली. तयारी तिच्या हाडात होती. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला, त्यावर नवऱ्याच्या गोळ्या, कुठली कधी, कुठली चालत नाही, सगळं ठळक अक्षरात. सुताराकडून लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी लांब दांडे ठोकून घेतले, म्हणजे दोन माणसांना उचलता येईल. खाणीवरच्या दोघा गड्यांना सांगून ठेवलं. घसा मोकळा करायचे पंप तीन आणून ठेवले. टॉर्चचे सेल बदलले. फोनला जोडायची जास्तीची बॅटरी भरून ठेवली. एक पिशवी दाराशी टांगली, त्यात दोन जोडी कपडे, टॉवेल, दवाखान्याचे जुने कागद. सगळं झालं. सिलिंडर कोपऱ्यात खोळ घालून उभा होता, आणि काटा भिंतीपलीकडे.

वेळ आली तर देईल की, थोरली मनात म्हणायची. माणूस मरत असताना काय काटा धरून बसेल?

सोमवारी दुपारी एकच्या सुमारास नर्सबाई आल्या. स्कूटर, काखेत फाईल आणि हातात पेन. वस्ती त्यांना यादीबाई म्हणायची. पूल बंद व्हायच्या आधी ज्यांच्या घरी जुनं दुखणं आहे त्यांची घरं तपासत त्या फिरत होत्या.

"गोळ्यांची यादी?" यादीबाईंनी कपाट उघडून बघितलं. "वा. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. खुर्ची?" बसून बघितली. "कुरकुरत नाही. गडी कोण?... चालतील. पंप?... ऑक्सिजन?"

"आहे. गच्च आहे."

"लावून दाखवा."

थोरलीने खोळ काढली. यादीबाईंनी सिलिंडरच्या उघड्या मानेकडे बघितलं, मग थोरलीकडे.

"वहिनी, याला डोकं नाहीये."

"ते पलीकडे आहे. वाटणीत गेलं."

यादीबाईंनी पेन फाईलमध्ये ठेवलं. "मी बावीस वर्षं या कामात आहे. वाटणीत विहीर अर्धी केलेली बघितली. एकाच्या गोठ्यात म्हैस आणि दुसऱ्याच्या गोठ्यात रेडकू बघितलं. पण ऑक्सिजनचं मुंडकं वेगळं करून वाटलेलं आज पहिल्यांदा बघतेय." त्या खाटेकडे वळल्या. "आणि तुम्ही बसून बघितलंत?"

"मला... दम लागला होता," थोरलीचा नवरा म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता घेऊन या. मी इथे बसते. जोडलेला बघितल्याशिवाय मी याच्यापुढे खूण करणार नाही."

थोरली उठली. अंगणातून भिंतीला वळसा घालून रस्त्यावर, रस्त्यावरून धाकटीच्या फाटकात. पन्नास पावलं. आठ महिन्यांत ती ही पन्नास पावलं चालली नव्हती.

तिला एक गोष्ट माहीत होती, ती अजून कुणालाच माहीत नव्हती. सासूबाई गेल्या तो शुक्रवार. सिलिंडर सोमवारी भरून आणला होता. रोज सकाळी काटा बघायचा, किती आहे ते पाटीवर खडूने लिहायचं, हा थोरलीचाच नियम, तिनेच सगळ्यांना घालून दिलेला. त्या शुक्रवारी भाचीच्या घरी जायचं होतं, पहिली बस गाठायची होती. तिने पाटीवर गुरुवारचाच आकडा पुन्हा लिहिला आणि गेली. काटा बघितला नाही. दुपारी सासूबाईंना धाप लागली, धाकटीने मास्क लावला, आणि वीस मिनिटांत सिलिंडर संपला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी थोरली घरी आली, आणि भरल्या घरात, बारा माणसांसमोर, पाटीकडे बोट करून म्हणाली, "मी जाताना अर्धा भरलेला होता. तू नळ उघडा ठेवलास. काटा बघायचीही अक्कल नाही तुला."

धाकटी तेव्हा नुसती पाटीकडे बघत राहिली होती.

आत्ता ती फाटकाच्या आत दुधाच्या कॅन घासत होती. मान वर न करता म्हणाली, "रस्ता चुकलात?"

"यादीबाई आल्यात. रेग्युलेटर दे."

"अरे वा. जाऊबाई बोलतात. मला वाटलं होतं फक्त कोंबड्यांशीच." आधी ती थोरलीला ताई म्हणायची. आता जाऊबाई. "आणि काय मागायचं तर काटा. माझ्यासारख्या अडाण्याकडे?"

"तुझ्याशी वाद घालायला आले नाही. पूल सहाला बंद होतोय. यांना काही झालं तर..."

"दादांना काही झालं तर मी धावत येईन. तुम्हाला काही झालं तर मात्र विचार करेन." तिने कॅन पालथी घातली. "देत नाही."

"नाही?"

"देत नाही म्हटलं. आणते. मी आणणार, मी बसवणार, मी बघणार. तुमच्या हातात देऊन उद्या पुन्हा ऐकू, की धाकटीने मोडका दिला?"

ती आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. थोरलीच्या पुढे चालायला लागली. पन्नास पावलं, पुढे एक, मागे एक, दोघींच्या मधे एखादी म्हैस जाईल एवढं अंतर.

डब्यात कापूस, कापसात रेग्युलेटर. पितळ लखलखत होतं.

यादीबाईंनी नाकाशी धरून हुंगलं. "तेल नाही ना लावलं? बऱ्याच बायका गंजू नये म्हणून तेल चोपडतात. ऑक्सिजनला तेल लागलं तर पेट घेतो."

"माहीत आहे. मागे बारीक अक्षरात लिहिलंय. आठ महिने वेळ होता मला, वाचलं."

तिने रबराची चकती तपासली, रेग्युलेटर मानेवर बसवला, पान्याने आवळला. हात भराभर चालत होते, कुठे अडत नव्हते. थोरली बघत राहिली. हे कधी शिकली ही? धाकटीने पाना वरच्या चौकोनी दांड्यावर घातला आणि हळूच फिरवला.

काटा थरथरला. थोडा वर आला. आणि लाल पट्ट्यात, शून्याला जवळजवळ टेकून, थांबला.

मग थोरली म्हणाली, "काटा बिघडलाय. आपटला असशील कुठेतरी."

धाकटीने बाजूची कळ फिरवली. नळीतून फुसकन हवा आली, बाटलीत चार बुडबुडे उठले, काचेतली छोटी गोळी वर उडाली आणि खाली बसली.

"काटा चांगला आहे," यादीबाई म्हणाल्या. "सिलिंडर रिकामा आहे. कधी भरला होता?"

"दोन महिने झाले. हात लावला नाही कुणी. रोज पुसते मी."

"कळ बंद करा, पाना तसाच राहू दे. साबणाचं पाणी आणा."

थोरलीने वाटीत साबण कालवला. यादीबाईंनी बोटाने फेस घेऊन सिलिंडरच्या मानेवर, पाना बसतो त्या दांड्याच्या बुडाशी लावला. तिघीही वाकून बघत होत्या. खाटेवरून थोरलीचा नवराही, कोपरावर उठून.

एक बुडबुडा फुगला. फुटला. त्याच जागी दुसरा आला.

"व्हॉल्व्ह गळतोय," यादीबाई म्हणाल्या. "अगदी हळू. भरला की चार दिवस बरा वाटतो, मग जातो. आणि काटा लावलेला नसेल तर कळणार कुणाला?"

थोरलीला बाकीच्यांच्या आधी कळलं. सोमवारी भरला. मंगळ, बुध, गुरू, आकडा रोज उतरत होता, तो वापराचा असं तिने धरलं होतं. शुक्रवारी दुपारी वीस मिनिटांत संपला. नळ कुणी उघडा ठेवला नव्हता. तिने साबणाची वाटी उगाच या हातातून त्या हातात घेतली. धाकटी फेसाकडे बघत होती. तिलाही कळलं असेल की नाही, चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

यादीबाईंनी घड्याळ बघितलं. "दोनला वीस कमी. सिलिंडरचा डेपो दीड तासावर. जाऊन येऊन तीन तास, म्हणजे पावणेपाच. धाकट्या वहिनी, टेंपो?"

"उभा आहे."

"मी चिठ्ठी देते. नीट ऐका, डेपोवाल्यांची एक रीत आहे. गळती आत्ताच, पहिल्यांदाच झाली म्हटलं तर ते तिथल्या तिथे नट आवळतात आणि हाच सिलिंडर भरून परत देतात. आधी भरल्यावरही गळला होता असं नर्सने लिहून दिलं, तर हा ठेवून घेतात आणि दुसरा देतात." पेन कागदावर टेकलं. "तर, थोरल्या वहिनी. कधीपासून गळतोय?"

थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच झालं असेल."

यादीबाई लिहायला लागल्या.

"लिहा की," धाकटी म्हणाली. तिने नळी हाताभोवती गुंडाळायला घेतली होती, एक वेढा, दुसरा वेढा. "जाऊबाई सांगतात तेच खरं. पाटीवर पण त्याच लिहायच्या."

खाटेवरून श्वासाचा आवाज येत होता, रंधा लाकडावरून ओढावा तसा. थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते. हाच सिलिंडर भरून येईल. आज काटा दीडशेवर, म्हणजे भरलेला. परवा शंभरावर. चौथ्या दिवशी लाल पट्टा. आणि पूल वीस दिवस बंद.

ती मोठ्याने म्हणाली, "खोडा ते."

यादीबाईंनी वर बघितलं.

"जुनी गळती आहे. सासूबाईंच्या वेळी होती. सोमवारी भरला होता, शुक्रवारी रिकामा झाला. लिहा."

नळीचे वेढे थांबले.

"म्हणजे नळ उघडा नव्हता राहिला?" धाकटीने विचारलं. आवाज अगदी साधा, दुधाचा भाव विचारावा तसा.

"नव्हता."

"मी ठेवला नव्हता."

"नाही म्हटलं ना. टेंपो काढ, वेळ जातोय."

"काढते. पण मग शुक्रवारी सकाळी तुम्ही काटा बघितलात तेव्हा तो उतरलेला दिसला असेल. चार दिवस गळत होता तर. पाटीवर मात्र गुरुवारचाच आकडा होता. मी नऊ महिने हाच हिशोब लावतेय. मला तो लागत नाही. तुम्ही सांगा."

थोरलीला आता उमगलं. ही आधीपासून ओळखून होती. पाटीकडे बघत राहिली होती ती उगाच नाही.

"बघितला नव्हता," थोरली म्हणाली. "बस चुकत होती. नुसताच आकडा लिहिला."

खाटेवर डोळे उघडले. यादीबाईंनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली.

थोरलीला वाटलं होतं की हे तोंडातून निघालं की धाकटी रडेल, नाहीतर ओरडेल. ती दोन्हीपैकी काहीच करेना. तिने रेग्युलेटर सोडवला, पुसला, डब्यात ठेवला, झाकण लावलं.

"हे मामांना सांगाल?"

"आधी तू जा."

"जाते. मामांना सांगाल?"

"सांगेन."

"आणि त्या दिवशी घरात होते त्या सगळ्यांना?"

"त्यांनाही सांगेन. फोन करते एकेकाला."

"फोनवर नाही. मला म्हणालात ते तोंडावर म्हणालात. समोर जाऊन सांगायचं."

"पूल बंद होतोय!"

"वीस दिवसांनी उघडतोय." धाकटीने वाकून सिलिंडर दुधाच्या कॅनसारखा खांद्यावर घेतला. "मी थांबेन. सवय आहे."

टेंपो गेला. पावणेसहाला, पुलावर बांबू आडवे पडायला पंधरा मिनिटं असताना परत आला. दुसरा सिलिंडर, मान नव्या रंगाची. धाकटीने तो थोरलीच्या खोलीत उभा केला, काटा बसवला, साबण लावून बघितलं. फेस तसाच राहिला. दीडशे. मग तिने रेग्युलेटर सोडवला आणि डब्यात घातला.

"अगं, हे काय?" थोरली ओरडली. "राहू दे की लावलेला!"

"काटा माझ्या वाटणीचा आहे. मामांच्या वहीत बघा."

"मेलं माणूस तर?"

"पाना इथेच राहील. तो भिंतीवर वाजवा. येईन."

तेव्हापासून रोज सकाळी सातला धाकटी डबा घेऊन यायची. थोरलीकडे ढुंकूनही बघायची नाही. काटा बसवायची, पाना फिरवायची, आणि खाटेला सांगायची, "दादा, दीडशे." पाटीवर खडूने लिहायची, तारखेसकट. काटा काढून परत जायची. थोरली चुलीपाशी दात आवळून बसून राहायची. तिच्याच घरात, तिच्याच पाटीवर, तिचाच नियम कुणीतरी रोज तिच्या तोंडावर मारत होतं. एकदा तिने पाटीच पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी धाकटीने मागचे सगळे आकडे तोंडपाठ लिहिले.

"आज पुलाचं काम कुठवर आलंय, दादा?" जाताना ती विचारायची, जरा मोठ्याने. "मामांचं घर दवाखान्याच्या वाटेवरच आहे, नाही का?"

अकराव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर थोरलीच्या नवऱ्याने पाण्याचा पेला मागितला आणि तो हातात धरू शकला नाही. ओठ निळे पडत गेले. थोरलीने पंप दिला, एकदा, दोनदा. उपयोग नाही. ती अंगणात धावली आणि पाना भिंतीवर हाणला. विटेचा तुकडा उडाला. दुसऱ्या घावाला धाकटी भिंतीवर होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, काखेत डबा. तिसरा घाव घालायची वेळ आली नाही.

"सरका."

काटा बसला. पाना फिरला. गोळी वर तरंगली. मास्कच्या आत वाफ धरली, गेली, पुन्हा धरली.

थोरलीने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, कागद वाचून दाखवला, पिशवी खांद्याला अडकवली. गडी दहा मिनिटांत आले. खुर्ची उचलली. धाकटी खांद्यावर सिलिंडर घेऊन खुर्चीला चिकटून चालायला लागली, कारण नळी हातभरच लांब होती. थोरली मागून. तिला काटा दिसत नव्हता, फक्त धाकटीची घामाने भिजलेली पाठ.

"किती?" शेवटी न राहवून तिने विचारलं.

"दादा, मागे कुणीतरी विचारतंय," धाकटी म्हणाली. "एकशे तीस."

पुलाशी मुकादम आडवा आला. फळ्यांवर एका वेळी एकच माणूस. खुर्ची बघून तो म्हणाला, "दोघं उचलणारे आणि नळीवाली बाई. चौथं माणूस नाही. फळी वाकते."

थोरली अलीकडच्या काठावर उभी राहिली. पलीकडे ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा फिरत होता. फळ्यांवरून खुर्ची सरकत निघाली, गडी बोटं रोवून, आणि त्यांना लागून धाकटी, पावलाला पाऊल जुळवून. तिने पाऊल चुकवलं असतं तर नळी तरी सुटली असती, नाहीतर तीच पाण्यात गेली असती. मधोमध फळी खाली गेली. थोरलीने हातातला पाना दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तो तिने का आणला होता तिला ठाऊक नव्हतं.

मधूनच आवाज आला. "एकशे दहा." मग, आणखी लांबून, "शंभर."

खुर्ची पलीकडे टेकली. पांढरे डगले पुढे आले, नवऱ्याला आत घेतलं. थोरलीला ॲम्ब्युलन्सच्या काचेतून त्याचा हात दिसला. तो हलवत होता, की तिला तसं वाटलं, देवाला माहीत.

धाकटी काठाशी आली. रिकाम्या खुर्चीवर सिलिंडर ठेवून तिने खांदा चोळला. नदीच्या आवाजावरून ती ओरडली, इतक्या मोठ्याने की दोन्ही काठांवरच्या मजुरांनी माना वळवल्या.

"जाऊबाई! दादांना श्वास आहे! काटा नव्वदला आहे!" आणि जरा थांबून, "या आता, एकट्याच या, फळी मोकळी आहे! वाटेत मामांकडे उतरायचंय!"

मुकादमाने थोरलीला हात दिला. तिने तो घेतला नाही. पाना कमरेला खोचला, पिशवी सारखी केली आणि पहिल्या फळीवर पाय ठेवला.